खापरपणजोबांचा माग : वळसंगहून निघणारी वाट

बारावीचा निकाल लागला की पुष्कळ घरांत एक वेगळीच परीक्षा सुरू होते. प्रवेशासाठी जातवैधता लागते, त्यासाठी वंशावळीचं शपथपत्र लागतं, आणि ते लिहायला बसल्यावर कळतं की आजोबांच्या वडिलांचं नाव घरात कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. आजी म्हणते सिद्राम. चुलते म्हणतात, सिद्राम त्यांचा भाऊ, वडील मलकप्पा. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते, शेतसाऱ्याच्या पावत्या निघतात, आणि सगळ्यांना एकदम इतिहासाची गोडी लागते.

अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. सरकारी भाषेत हे 'मानीव दिनांक'. त्याआधीचा कागद सापडला तर काम सोपं होतं. त्यामुळे आपल्याकडे खापरपणजोबांची आठवण दोनदाच निघते, जमीन वाटताना आणि दाखला काढताना. दोन्ही वेळी घाई असते. हवा तो एक कागद मिळाला की शोध थांबतो आणि पेटी पुन्हा माळ्यावर जाते.

घाई नसतानाही हा शोध घेता येतो, आणि तसा घेतला तर हाती नुसतं कुटुंब लागत नाही, गाव लागतं. तो कसा घ्यायचा ते सोलापूर जिल्ह्यातल्या वळसंगचं उदाहरण समोर ठेवून पाहू.

आधी इंग्लंडकडे एक नजर टाकायला हवी, कारण या छंदाची पंढरी तिथे आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये फर्मान काढलं : प्रत्येक गावच्या चर्चने एक वही ठेवावी आणि तीत गावातला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहावं. १५९८ पासून त्या नोंदींची नक्कल दरवर्षी बिशपकडे जाऊ लागली. १८३७ मध्ये सरकारने स्वतःची जन्म-मृत्यू नोंदणी सुरू केली, १८४१ पासून जनगणनेत माणसांची नावं नीट उतरू लागली. शंभर वर्षं झाली की जनगणनेचे ते कागद लोकांना खुले होतात. १९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. त्यामुळे तिथला एखादा निवृत्त पोस्टमास्तर जिल्ह्याच्या दप्तरखान्यात बसून आपल्या गावचा चार-साडेचारशे वर्षांचा संसार एकाच मालिकेतल्या वह्यांमधून वाचू शकतो. आपल्याकडे अशी सोय गोव्यातल्या आणि वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांना थोडीफार आहे. बाकीच्यांना नाही. आपल्या जनगणनेतल्या माणसागणिक नोंदी तर १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहेत, तिथून एकही नाव मिळणार नाही.

वळसंगचीही अशी एक वही नाही. त्या वहीची पानं मात्र आहेत. ती डझनभर कचेऱ्यांत, मठांत, तीर्थांच्या गावी आणि काही फिरस्त्यांच्या झोळीत विखुरलेली आहेत.

वळसंग सोलापूरहून अक्कलकोटला जाताना लागतं. तालुका दक्षिण सोलापूर. या पट्ट्यात पुष्कळ घरांत कन्नड बोलतात, बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, आणि सरकारी दप्तर मराठीत असतं. जुनं दप्तर मोडी लिपीत. पूर्वी काही कोसांच्या अंतरात तीन राज्यं होती : सोलापूर इंग्रजांचं, अक्कलकोट भोसल्यांचं संस्थान, आणि तुळजापूर, नळदुर्ग, आळंद हा पलीकडचा मुलूख निजामाचा. म्हणून शोधाला बसताना पहिला प्रश्न 'आजोबांचं नाव काय' हा विचारू नये. 'त्या साली ते गाव कुणाच्या अमलात होतं' हा विचारावा. उत्तरावरून कचेरी ठरते, लिपी ठरते आणि सनही ठरतो.

सुरुवात मात्र घरातूनच. वयाने सगळ्यांत मोठी बाई गाठावी. पुरुषांना जमिनीचे वाद पाठ असतात, बायकांना माणसं. 'तुमच्या सासऱ्यांचा जन्म कधीचा' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. 'मार्शल लॉच्या वेळी ते केवढे होते' असं विचारलं की मिळतं. सोलापुरात १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चार हुतात्म्यांना फाशी झाली. त्या आठवणी इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या कालमापनाच्या खुंट्या होऊन राहिल्या. तशाच दुसऱ्या खुंट्या म्हणजे १९१८ ची मानमोडीची साथ, १९४८ चं रझाकारांचं वर्ष आणि १९७२ चा दुष्काळ. बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावं आणि त्याच दिवशी कागदावर उतरवावं. आवाज राहतो, पण 'तो थोरला, ज्याची बैलजोडी पांढरी होती' म्हणजे नेमका कोण, हे सांगणारं माणूस राहत नाही.

मग भांडी. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. लग्नात दिलेल्या तांब्या-पितळेच्या घागरीवर, परातीवर, समईवर नाव कोरून घ्यायची पद्धत होती. देणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी तारीख. आजीच्या माहेरचं नाव सरकारी कागदावर सहसा नसतं, पण अडगळीतल्या घागरीवर असू शकतं. मोडीत घालण्याआधी फोटो काढून ठेवावा. देव्हाऱ्यातले टाक, लग्नपत्रिका, तसबिरीमागची अक्षरं, पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले जन्म हेही त्याच रांगेतले. लिंगायत घरांत आणखी एक धागा असतो. कुटुंब कोणत्या मठाचं, हे ठरलेलं असतं. त्या समाजात दफन करतात, त्यामुळे समाध्यांवरची नावंही वाचता येतात.

घराबाहेर पडल्यावर पहिला थांबा जिल्हा परिषदेची शाळा. तिथलं प्रवेश-निर्गम रजिस्टर, म्हणजे बोलीत 'जनरल रजिस्टर', पाहावं. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण अशी माहिती असते. दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा निघेल. तो गुरुजींनी शाळेच्या सोयीने लावलेला असतो, वर्षही अंदाजाने. दुसरी गोष्ट नावाची. घरी 'मलकप्पा' असलेला मुलगा शाळेत 'मल्लिकार्जुन' होतो, 'शिवव्वा' 'शिवाबाई' होते. आडनावाचं तर विचारूच नये. एका भावाचं कामावरून पडलेलं, दुसऱ्याचं गावावरून, तिसऱ्याच्या पुढे नुसतं 'पाटील'. शाळेत नाव घालेपर्यंत अनेक घरांना आडनाव लावायची गरजच पडली नव्हती. म्हणून आडनाव जुळत नाही एवढ्यावरून माणूस वेगळा ठरवू नये, आणि जुळतं एवढ्यावरून आपला म्हणू नये.

दुसरा थांबा तहसीलचा अभिलेख कक्ष. तिथे मागायचा तो गाव नमुना नंबर १४. लोक त्याला 'कोतवाल बुक' म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण वारलं, हे कोतवालाने सांगायचं आणि वहीत उतरवलं जायचं. इंग्लंडच्या चर्चच्या वहीला आपल्याकडे सगळ्यांत जवळचा कागद हाच. फरक इतकाच की तो देवळात नव्हे तर चावडीत जन्मला. मराठा-कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर धूळ झटकली गेली ती मुख्यतः अशाच वह्यांची. त्या निमित्ताने अनेक तहसिलींत त्या स्कॅन झाल्या. शोधणाऱ्याने आधी तीच चौकशी करावी.

या वहीत बाळाचं नाव बहुधा नसतं, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते. 'अमक्यास मुलगा' एवढंच. म्हणून शोध बापाच्या नावाने घ्यायचा. आणि मृत्यूच्या नोंदी आधी पाहायच्या, कारण त्यात वय असतं. वय वजा केलं की जन्माचं साल अंदाजाने मिळतं आणि मग पानं चाळायचा पल्ला आटोक्यात येतो.

नक्कल मागताना साधा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, गावाचं नाव, नमुना क्रमांक आणि वर्षांचा पल्ला लिहावा. 'माझ्या पूर्वजांच्या सर्व नोंदी द्याव्यात' असा अर्ज म्हणजे कारकुनाला नाही म्हणायला दिलेलं आमंत्रण. सही-शिक्क्याची नक्कल दाखल्यासाठी हवी असते. नुसत्या अभ्यासासाठी वही पाहण्याची परवानगी मागितली तरी चालतं.

खरा खजिना जमिनीच्या कागदांत आहे, आणि इथे थोडं रेंगाळायला हवं.

हातातल्या सातबाऱ्यावर वर्तुळात काही आकडे दिसतात. ते फेरफार क्रमांक. प्रत्येक आकडा म्हणजे गाव नमुना सहामधली एक गोष्ट : कोण मेलं, मागे कोण राहिलं, कुणी कुणाला विकलं, कुणाकडे गहाण टाकलं, भाऊ कधी वेगळे झाले. नावाभोवती कंस दिसला की ते नाव कमी झालेलं असतं. गावात म्हणतात, 'त्याला कंस पडला.' तो कंस ज्या फेरफाराने पडला तो काढायचा, त्यात आधीच्या पिढीचं नाव मिळतं. मग त्या नावाचा जुना उतारा, त्यावरचा जुना फेरफार. एकेक पायरी उतरत जायचं. विहिरीत उतरावं तसं, वरची पायरी पक्की असल्याशिवाय खालच्या पायरीवर पाय टाकायचा नाही. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर अनेक ठिकाणचे स्कॅन केलेले जुने उतारे आणि फेरफार मिळतात, त्यामुळे निम्म्या खेपा वाचतात.

उताऱ्यावरच्या काही खुणा शिकून घ्याव्या लागतात. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे नाव एकट्याचं असलं तरी मागे तीन भाऊ उभे असू शकतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप लवकर गेला आणि मूल लहान होतं, एवढी कहाणी त्या तीन अक्षरांत असते. वारसांच्या नोंदी नमुना सहा-क मध्ये पाहाव्यात.

आणि 'इतर हक्क' हा रकाना. तो लोक कर्जाच्या बोज्यासाठी वाचतात. वंशावळ शोधणाऱ्याने तो बायकांसाठी वाचावा. मुलग्यांची नावं कब्जेदार म्हणून लागायची आणि बहिणींची, आईची नावं या रकान्यात ढकलली जायची. आजीच्या नणंदा, लग्न होऊन कुठे गेल्या कुणाला ठाऊक नाही अशा आत्या, सासरच्या नावासह तिथे भेटतात. पुढे त्यांनीच कधीतरी केलेलं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात असतं. त्यावर त्यांचा अंगठा असतो, वय असतं, राहण्याचं गाव असतं. ज्या कागदाने बहिणीचा हक्क गेला, तिची सगळ्यांत पूर्ण नोंदही बऱ्याचदा त्याच कागदावर मिळते. हा आपल्या दप्तराचा स्वभाव आहे.

सातबाऱ्याच्या मागे गेलं की क-ड-ई पत्रक, पाहणीपत्रक आणि हक्कनोंदीच्या सुरुवातीच्या वह्या लागतात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा पहिला कायदा १९०३ चा. त्याच्याही मागे ब्रिटिशांची जमीन मोजणी. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूरपासून घालून दिलेली ही पद्धत सोलापूरच्या मुलखातही आली. भूमी अभिलेख कार्यालयात टिपण, फाळणी, आकारफोड असे कागद असतात. तिथेच गावाचे जुने नकाशेही असतात, आणि नकाशावर शेताची, ओढ्याची, पाणंदीची जुनी नावं वाचायला मिळाली तर वंशावळीपेक्षा जास्त आनंद होतो, असा अनुभव सांगणारे पुष्कळ आहेत.

वतनदार घरांचं काम तुलनेने सोपं. पाटील, कुलकर्णी, देशमुख, जोशी, तसेच महार आणि रामोशी यांची वतनं वंशपरंपरेची होती. वारसा सिद्ध करायला वंशावळ द्यावी लागे, ती सरकार तपासून ठेवी. १८७४ च्या वतन कायद्याखालची रजिस्टरं आणि १८५२ च्या कायद्याने कामाला लागलेल्या इनाम कमिशनच्या चौकशा यांत पाच-सहा पिढ्या एका पानावर मिळू शकतात. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गावनोकरांची १९५८ च्या, मुलकी पाटीलकी १९६२ च्या. वतन खालसा होतानाही कागद झालेच. महार वतनाबद्दल एक लक्षात ठेवायला हवं : जमीन तुटपुंजी आणि राबणूक अमर्याद अशी ती व्यवस्था होती, म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. पण त्याच वतनाच्या नोंदीमुळे आज अनेक बौद्ध कुटुंबांना आपल्या पूर्वजांची नावं मिळतात.

ज्यांच्याकडे जमीनही नव्हती आणि वतनही नव्हतं, त्यांचं काय? तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर सोलापुरात गिरण्यांच्या आणि मागांच्या आधाराने वसले. त्यांच्या घरचे जुने कागद तेलुगूत असू शकतात. शोधाची जागा म्हणजे गिरणीची हजेरी, भविष्यनिर्वाह निधीचं खातं, भाड्याच्या घराची पावती. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये निघाली, 'जुनी मिल' म्हणून ती ओळखली जाई. पारधी, कैकाडी अशा जमातींना इंग्रज सरकारने कायद्याने गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणाआड ठेवलं. सोलापुरात त्या जागेला अजून 'सेटलमेंट' म्हणतात. तिथे माणसांची हजेरी घेतली जाई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण ती हजेरी हाच अनेक घरांचा पहिला लेखी पुरावा. पूर्वजाचं नाव पोलिसी दप्तरात सापडलं म्हणून कुणी ओशाळू नये. ओशाळायचं असेल तर ते वही ठेवणाऱ्याने.

मुस्लीम कुटुंबांनी काझींच्या दप्तरातली निकाहाची नोंद पाहावी. वधू-वरांची, दोघांच्या बापांची, वकिलाची आणि साक्षीदारांची नावं तिथे असतात, बहुधा उर्दूत. चर्चच्या विवाह नोंदवहीशी तिची तुलना सहज होते.

आता कचेरीबाहेरच्या दोन जागा.

पहिली, जी स्वतःच दारात येते. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडचा विजापूर-बेळगाव हा पट्टा हेळव्यांचा. हेळवी सुगीनंतर येतो. पूर्वी सजवलेल्या बैलावर बसून, घंटा वाजवत यायचा. दारात उभा राहून घराण्याची वंशावळ म्हणतो : मूळ पुरुष कोण, कुठून आला, कोणत्या गावी किती पोरं झाली, कोणती शाखा कुठे गेली. धान्य, पैसे, कधी वासरू अशी बिदागी घेतो आणि नव्या जन्मांची नोंद करून पुढे जातो. जुन्या काळी ही नोंद ताडपत्रावर आणि तांब्याच्या पत्र्यावर असे, आता कागदी वहीत. ठरावीक घराणी ठरावीक हेळव्याकडे वाटून दिलेली असतात. बऱ्याच घरांत त्याला भिक्षेकरी समजून पसाभर जोंधळ्यावर वाटेला लावतात. खरं तर त्याला बसवून, चहा पाजून, त्याच्या वहीतल्या आपल्या पानाचा फोटो मागायला हवा. एक सावधगिरी : मूळ पुरुष आणि पहिल्या दोन-तीन पिढ्या कथेच्या अंगाने गेलेल्या असतात, तिथे राजे आणि देव भेटतात. त्या ऐकाव्यात. मधल्या आणि अलीकडच्या पिढ्या मात्र कागदाशी ताडून पाहाव्यात, त्या पुष्कळदा जुळतात.

दुसरी जागा तीर्थाची. काशी, प्रयाग, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या उपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. आडनावापेक्षा आधी गाव आणि जात विचारतात, कारण मुलूख वाटलेले असतात. यात्रेकरूने स्वतःच्या हाताने नावं लिहायची, सोबत कोण आलं ते लिहायचं, घरातल्या नव्या माणसांची भर घालायची. पणजोबांची सही पाहायला मिळण्याची ही बहुधा एकमेव जागा. हरिद्वारच्या अशा वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या जीनिअलॉजिकल सोसायटीने केली आहे. यात्रेला जाणाऱ्या नातेवाइकाला निघण्यापूर्वी चार पिढ्यांची नावं आणि गावाचं जुनं तालुका-परगण्याचं नाव लिहून द्यावं, नाहीतर उपाध्याय सापडूनही पान सापडत नाही.

एवढं सगळं केल्यावर माणूस मोडीपाशी येऊन थांबतो. मोडीत आधी ओळीची रेघ ओढतात, मग अक्षरं तिला टांगतात. शब्दांत अंतर नसतं आणि ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नसते. पण वंशावळीसाठी सगळी मोडी यावी लागत नाही. आपल्या गावाचं नाव, घराण्यातली पाच-सात नावं आणि दोन शब्द ओळखता आले की पान चाळता येतं. ते दोन शब्द म्हणजे 'बिन' आणि 'कोम'. 'भीमा बिन सिदू' म्हणजे सिदूचा मुलगा भीमा. 'सखू कोम भीमा' म्हणजे भीमाची बायको सखू. पुराभिलेख विभागाकडून मोडीचे वर्ग भरवले जातात आणि पैसे घेऊन लिप्यंतर करून देणारे जाणकारही आहेत. महत्त्वाचं पान दोघांकडून वेगवेगळं वाचून घ्यावं. 'मलू', 'मालू' आणि 'मल्ला' यांत घोळ झाला तर एक अख्खी शाखा भलत्या घराला जोडली जाते.

सनांचा घोळ याहून मोठा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारी ते चैत्र यांच्यामधल्या तारखेला ७९ मिळवायचे. दख्खनच्या फसली सनात ५९० मिळवायचे. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन भेटतो, त्यात ५९९. आणि तो आकड्यांत नव्हे तर अरबी शब्दांत, तोही एककाकडून सुरू करून लिहिलेला असतो. 'समानीन मया व अलफ' म्हणजे ऐंशी, शंभर आणि हजार, म्हणजे ११८०, म्हणजे इसवी सन १७७९-८०. फसली आणि सुहूर यांची गल्लत झाली की नातू आजोबांच्या आधी जन्मतो.

सोलापूरचा किल्ला १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी घेतला. त्याआधीचे कागद पाहायचे तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर. गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापले गेले. घरी बसून सुरुवात करणाऱ्याने आधी त्यांच्या सूचीत आपला परगणा शोधावा. सामान्य कुळाचं नाव तिथे मिळण्याची शक्यता कमी, गावाचं मिळण्याची बरीच.

हद्दीपलीकडची आजोळं हा वळसंगसारख्या गावांचा खास प्रश्न. इथल्या सुना तुळजापूर, आळंद, इंडी, अक्कलकोट अशा चारी दिशांनी आल्या. म्हणजे आईची बाजू शोधायची तर एक वाट निजामाच्या उर्दू कागदांकडे आणि तिथल्या खासरापत्रकाकडे जाते, दुसरी अक्कलकोट संस्थानच्या दप्तराकडे, तिसरी थेट कर्नाटकात, कारण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विजापूर जिल्हा तिकडे गेला. बापाची बाजू एका तालुक्यात संपते आणि आईची बाजू दोन राज्यं फिरवते, म्हणून बहुतेक वंशावळी एकाच बाजूने वाढलेल्या झाडासारख्या दिसतात.

माणसांची नावं जमत असताना गावाचंही एक टिपण ठेवावं. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड, १८८४ चा, सोलापूर जिल्ह्याचा आहे. पिकं, बाजार, दुष्काळ, जातीजमाती यांचं वर्णन त्यात मिळतं, साहेबी पूर्वग्रहांसकट. १८७६-७८ च्या दुष्काळात नोंदींतून एकाएकी गायब झालेली माणसं कुठे गेली असतील, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे १९१५ चं पुस्तक जवळ असलं की वतनाच्या कागदांतले निम्मे शब्द उलगडतात. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावाची लोकसंख्या मिळते.

दगडही वाचावेत. याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलच्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी नोकरी सांभाळून गावोगाव हिंडून जिल्ह्यातले शिलालेख धुंडाळले, त्यांचे ठसे घेतले, ते वाचले. वेशीजवळ कलंडलेला वीरगळ किंवा मारुतीच्या पाराला लावलेला अक्षरांचा दगड दिसला तर शेंदूर खरवडू नये, खडूनेही गिरवू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढावा, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

आणि वळसंगची विहीर. गावातल्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाणवठा बंद होता, तेव्हा त्यांनी स्वतःची विहीर खोदली. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले आणि तिचं पाणी प्यायले. ती घटना गावाच्या आठवणीत आजही विहिरीसकट उभी आहे. पण ती विहीर खोदणारे हात कुणाचे होते, कुणाच्या घरातून पाटी-कुदळ आली, त्या दिवशी कोण कोण काठावर होतं, ही नावं एका ठिकाणी मांडायची तर वरचेच सगळे मार्ग धरावे लागतात : कोतवाल बुक, वतनाचं रजिस्टर, शाळेची वही, आणि ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलं त्यांची बोलणी. एखाद्या शाळेने किंवा तरुण मंडळाने गावची वंशावळ करायची ठरवली, तर पाटलाच्या वाड्याऐवजी या विहिरीपासून सुरुवात करून पाहावी.

जमलेलं सगळं एका जाड वहीत एका पानाला एक माणूस याप्रमाणे लिहावं. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून मिळाली ते लिहावं : अमुक फेरफार, अमुक साल, किंवा 'मोठ्या काकूंनी सांगितलं'. दोन नोंदी भांडत असतील तर दोन्ही ठेवाव्यात. हयात माणसांची जन्मतारीख, आधार क्रमांक असं काही व्हॉट्सॲपच्या घराणे-गटावर टाकू नये. आणि जुन्या वहीच्या मोकळ्या जागेत ताज्या शाईची नोंद दाखवून 'काम करून देतो' म्हणणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार करावा. बनावट नोंद उघड झाली की दाखला रद्द होतो, प्रवेश जातो आणि फौजदारी मागे लागते.

पुढच्या सुगीनंतर घंटा ऐकू आली तर हेळव्याला ओट्यावर बसवावं. तो नव्या पिढीची नावं विचारेल आणि सवयीने मुलग्यांचीच लिहायला घेईल. त्याला पेन देण्याआधी घरातल्या मुलींची नावं मोठ्याने सांगावीत, आणि सुनांची त्यांच्या माहेरच्या गावासकट.